सात नंबरची घंटा

चादरींच्या कपाटात माणूस मावतो, पण वाकून आणि एका पायावर. गाडीवर चौदा वर्षं काढूनही बोनिफेस कासोन्देला हे माहीत नव्हतं. गेल्या चार दिवसांत मात्र चांगलंच कळलं. डब्याच्या टोकाला कपाट, कपाटात इस्त्रीच्या चादरी, चादरींत नाक खुपसलेला बोनिफेस, आणि बाहेरच्या बोळातून त्याच्या सासूबाई एकेका खिडकीपाशी थांबत, रमतगमत चाललेल्या. बोळ इतका अरुंद की समोरासमोर दोघं आले तर एकाला पोट आत घ्यावं लागे.

बोनिफेस उत्तर झांबियाचा, बेम्बा. बेम्बा जावयानं सासूसमोर यायचं नाही, तिच्या तोंडाकडे बघायचं नाही, तिच्याशी थेट बोलायचं नाही, आणि दोघांनी एकमेकांदेखत घास तर मुळीच घ्यायचा नाही. वाटेत सासू दिसली तर त्यानं मुकाट झुडपात शिरायचं. आता गाडीत झुडूप कुठून आणणार? म्हणून हे कपाट.

हा सगळा वनवास जावयाला रीतसर 'आत घेईपर्यंत'. त्याचा सोहळा असतो. सासरच्या बायका दोन दिवस रांधतात, झाकलेली मडकी डोक्यावर घेऊन वाजतगाजत येतात, सासू जावयासमोर बसून स्वतः पहिला घास खाते, आणि त्या घासाबरोबर पडदा उठतो. मग जावई घरचा. कुणाला पाच वर्षं लागतात, कुणाला सात. बोनिफेसच्या लग्नाला सोळा झाली, थोरली लोम्बे पंधरा वर्षांची झाली, तरी हा अजून कपाटातच.

बरं, तसा दिवस ठरला नव्हता असंही नाही. नऊ वर्षांपूर्वी ठरला होता. ही गाडी केपटाऊनहून निघते ती पाच देश ओलांडून दार-एस-सलामला पोचते, आणि वाटेत कसामाला, म्हणजे थेट त्याच्या सासुरवाडीला, दुपारी चारला थांबते. पाहुणे धबधबा बघायला जातात, गाडी सहा तास उभी. त्या सहा तासांची सुट्टी बोनिफेसनं दोन महिने आधी मागून घेतली होती. पांढरा शर्ट दोनदा इस्त्री करून ह्याच कपाटात टांगला होता. आणि म्पिका गाव यायच्या अलीकडे पुढची मालगाडी रुळांवरून घसरली. दोन दिवस ही गाडी जंगलात उभी. फोन नाही, काही नाही. तिकडे कसामात चाळीस बायका, ढोलवाले आणि बारा मडकी वाट बघत बसली. संध्याकाळी जेवण गार झालं आणि दुसऱ्या दिवशी कुत्र्यांना घातलं. सगळ्या आळीत सासूबाईंचं हसं झालं.

त्यानंतर त्यांनी लेकीकरवी, म्हणजे बोनिफेसच्या बायकोकरवी, निरोप धाडला. ज्या गाडीत न्हाणीघर आहे, पियानो आहे, जिच्यात राजेरजवाडे बसतात, त्या गाडीला दोन दिवस उशीर होतो हे मी मानायचं? मी काय काल जन्मले? तुझा नवरा कुठेतरी पिऊन पडला असेल. बोनिफेसनं कंपनीचं सही-शिक्क्याचं पत्र नेऊन दिलं. सासूबाईंनी त्यानं शेगडी पेटवली. आणि बोनिफेस आयुष्यात दारूला शिवलेला नव्हता, हे तर त्याहून मोठं दुखणं. प्यायला असता तर निदान दोन घटका मजा तरी केली असती.

असो. तर त्या दिवशी प्रिटोरियाच्या फलाटावर नेहमीसारखं स्वागत चाललं होतं. डब्याच्या अटेंडंटनं पायरीपाशी उभं राहायचं, तबकातला गार, ओला रुमाल पाहुण्याला द्यायचा, हात धरून वर चढवायचं, आणि हसायचं. यादीत सात नंबरच्या खोलीपुढे 'श्रीमती काटोंगो, कसामापर्यंत' असं लिहिलं होतं. काटोंगो काय, छप्पन्न असतात. पण मोटारीतून उतरला तो त्याचा मेहुणा काफुला, खाणीतला इंजिनियर. वीस वर्षं जोहान्सबर्गमध्ये राहून सगळी रीतभात विसरलेला. तो तिथूनच हात हलवत ओरडला, "भाओजी, आईला सत्तरावं लागलं, म्हणून हा प्रवास. आणि बघा, नेमकी तुमच्याच डब्यात खोली मिळाली."

मागून सासूबाई उतरल्या. त्यांनी जावयाला पाहिलं, कमरेचं रंगीत कापड सर्रकन तोंडावर ओढलं आणि डब्याच्या चाकाकडे तोंड करून तिथेच खाली बसल्या. बोनिफेस तबकासकट डब्यात चढला आणि पलीकडच्या दारानं रुळांवर उतरला. पायरीपाशी एक स्विस जोडपं रुमालासाठी हात पुढे करून उभं राहिलं, ते तसंच उभं राहिलं.

गाडीचे मॅनेजर पिल्ले, डरबनचे. माणूस वाईट नाही, पण घड्याळाला आणि टायच्या गाठीला फार जपणारा. त्यांनी बोनिफेसला बोलावून विचारलं, हा काय तमाशा आहे. बोनिफेसनं सगळं सांगितलं आणि शेजारच्या डब्याचा अटेंडंट दुमिसानी, त्याच्याशी अदलाबदल मागितली. पिल्ले म्हणाले, डबे बदलता येणार नाहीत, त्या खोलीसाठी खास विनंती आलेली आहे.

"आणि सासू मलाही आहे," ते म्हणाले. "माझ्याच घरात राहते. मी कधी कपाटात शिरलो का?"

"शिरला असता तर सुखी झाला असता, साहेब."

पिल्ले हसणार होते, पण त्यांना घड्याळ दिसलं. त्या खास विनंतीचं बोनिफेसच्या डोक्यात तेव्हा काही शिरलं नाही. त्याला वाटलं, हाही त्या मठ्ठ काफुलाचाच उपद्व्याप.

बुलावायोला गाडी पाणी भरत होती तेव्हा बायकोचा, मेवीसचा, फोन आला. तिचा आवाज दबलेला होता. आई काफुलाला म्हणाली आहे की ह्या प्रवासात मी त्या माणसाला नीट बघते आणि मग काय ते ठरवते. "नऊ वर्षांनी तिनं तुमचं नाव काढलंय," मेवीस म्हणाली. "हात जोडते, काही घालवू नका. पुन्हा नाही म्हणाली तर ती मरेपर्यंत नाहीच म्हणेल."

घालवू नका म्हणे. आता ह्यानं करायचं काय? नीट सेवा करावी तर रीत मोडते, आणि रीत मोडणाऱ्या जावयाला कोण आत घेईल? रीत पाळावी तर सेवा बुडते, आणि गार चहा पाजणाऱ्या जावयाला तरी कोण घेईल? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बोनिफेसनं फोन खिशात ठेवला आणि मेहुण्याच्या नावानं मनातल्या मनात जे जे म्हणायचं ते सगळं म्हणून घेतलं.

आणि ती घंटा. डब्याच्या टोकाला अटेंडंटची छोटी खोली असते, तिच्या भिंतीवर घंटांची पितळी पाटी. पाहुण्यानं बटण दाबलं की घंटा वाजते आणि त्या खोलीचा आकडा खाली पडतो. पहिल्या दिवशी सातचा आकडा अकरा वेळा पडला. दुसऱ्या दिवशी चौदा. उशी उंच आहे. उशी बसकी आहे. हा साबण कसला, ह्याला फुलांचा वास येतो. खिडकी उघड. धूळ येते, खिडकी लाव. बोनिफेस दर वेळी धावत जायचा, दारावर दोनदा टकटक करायचा, आणि आत पाठ करून उभा राहायचा. सासूबाई तिकडे तोंड फिरवून खिडकीशी बोलायच्या.

"ए खिडकी, त्या माणसाला सांग, चहा गार आहे."

मग बोनिफेस दाराच्या कडीला सांगायचा, "ए कडी, त्यांना सांग, दुसरा आणतो."

लेकी बोले सुने लागे म्हणतात, तर इथे ना लेक ना सून. खिडकी बोलते आणि कडी ऐकते. दिवसातून चौदा वेळा हे नाटक करायचं, आणि मधल्या वेळात बाकीच्या सहा खोल्यांच्या पाहुण्यांकडे बघून काहीच घडत नसल्यासारखं हसायचं. त्याच्या गालांना रग लागली होती.

जेवणाच्या डब्यात तर आणखी पंचाईत. दुपारी तिथे पाणी वाढायचं काम अटेंडंटांकडे असतं. पहिल्या दिवशी सूपाचा चमचा तोंडाशी नेताना सासूबाईंना टेबलांच्या पलीकडे जावई दिसला. चमचा खाली, कापड तोंडावर, आणि बाई उठून चालत्या झाल्या. आचारी तडकला. माझ्या सूपात काय कमी होतं, असं त्यानं प्रत्येकाला विचारलं. तेव्हापासून सात नंबरचं ताट थेम्बी खोलीत नेऊ लागली. थेम्बी बुलावायोची, एन्देबेले, वाढपी मुलगी, चुणचुणीत, तोंडाळ, आणि गाडीवर राहून कामापुरती बेम्बा शिकलेली. ती सासूबाईंना 'गोगो', म्हणजे आजी, म्हणायची आणि बोनिफेसला दादा.

"दादा, आमच्यातही सासरा दिसला की सून डोकं झाकते," ती म्हणाली. "पण झाकून कामाला लागते. तुमचं म्हणजे काहीतरी वेगळंच आहे बाई." बोनिफेस तेव्हा कपाटात उभ्यानं कोरडा पाव खात होता. कर्मचाऱ्यांची जेवायची जागा सासूबाईंच्या वाटेवर येत होती ना.

सगळ्यात वाईट झालं ते व्हिक्टोरिया धबधब्याच्या पुलावर. गाडी मुद्दाम पुलाच्या मधोमध थांबवतात, अर्धी झिम्बाब्वेत आणि अर्धी झांबियात, पाहुण्यांना फोटो काढायला. बोनिफेस शँपेनची बादली घेऊन वळला, तर बोळाच्या त्या टोकाला सासूबाई. कपाट मागे राहिलेलं. त्यानं झटकन बाहेरचं दार उघडलं, तर खाली थेट झांबेझी. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर, आणि विहीर शंभर मीटर खोल. त्यानं दार लावलं, कपाळ दाराला टेकवलं, डोळे मिटले आणि बादली पोटाशी धरून उभा राहिला. मागून कापडाची सळसळ झाली आणि ती बराच वेळ तिथेच थांबली. मग सावकाश पुढे गेली. बादलीतलं बर्फाचं पाणी त्याच्या बुटात उतरलं होतं.

शनिवारी दुपारी चारला कसामा यायचं होतं. तिथे सासूबाई उतरणार आणि ही कटकट एकदाची संपणार. काय ठरवायचं ते त्यांनी ठरवलेलं असेल, आणि ते काय असेल हे बोनिफेसला दिसतच होतं. चार दिवसांत त्यांना जावयाची पाठ आणि गार चहा यापलीकडे काही दिसलं नव्हतं. शनिवारी सकाळी सातला त्यानं दाढी केली, नवे हातमोजे चढवले, आणि गाडी थांबली.

थांबली ती थांबलीच. तासाभरानं पिल्ले आले, त्यांच्या टायची गाठ सैल होती. पुढे मालगाडी घसरली आहे. तांबं घेऊन जाणारे सात डबे आडवे. क्रेन येणार आहे म्हणतात.

"कुठे?" बोनिफेसनं विचारलं.

"म्पिकाच्या अलीकडे."

बोनिफेस खुर्चीवर बसला आणि त्यानं हातमोजे काढून टाकले. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं असतात, पण नकटीला निदान दर वेळी नवं विघ्न येतं. ह्याच्या नशिबी तेच विघ्न, तीच जागा, आणि बहुतेक तीच मालगाडी.

ऑक्टोबर म्हणजे तिकडचा ऐन उन्हाळा. दहा वाजता जनरेटर फक्त स्वयंपाकघरापुरता चालू ठेवला आणि डबे तापायला लागले. पाहुण्यांना खाली झाडांच्या सावलीत न्यायचं ठरलं. आता जंगलात फलाट नसतो. शेवटची पायरी कमरेइतकी उंच, आणि खाली खडीचा उतार, त्यावर स्टूल ठरेना. म्हणून अटेंडंटांनी एकेकाला कमरेला धरून खाली घेतलं. सहा खोल्या रिकाम्या झाल्या. सातमध्ये सासूबाई बसून. दुमिसानी न्यायला गेला तर त्याला कापडानं हुसकावलं. थेम्बी गेली, पण ती एवढीशी पोर, आणि गोगोंचं वजन दोन पोत्यांचं.

बारा वाजता सातचा आकडा पडला. बोनिफेस गेला आणि पाठ करून उभा राहिला. खोलीत भट्टी झाली होती. टेबलावर सकाळची किटली तशीच होती.

"ए खिडकी," मागून आवाज आला, "त्या माणसाला सांग, आता पुरे झालं. गाडी हलव म्हणावं. मला चारला पोचायचंय. एवढी न्हाणीघराची गाडी, अशी कशी अडकते?"

आणि बोनिफेसचं डोकं फिरलं. चार दिवस नाही, नऊ वर्षं दाबून धरलेलं. कडी लहान पडली असती म्हणून की काय, त्यानं टेबलावरची किटली उचलली आणि तिलाच छातीशी धरून बोलायला लागला.

"ए किटली, त्यांना सांग, न्हाणीघर असलेली गाडीसुद्धा अशीच अडकते. नऊ वर्षांपूर्वीही अशीच अडकली होती, इथेच, ह्याच रुळांवर. मी ह्याच डब्यात होतो. पांढरा शर्ट त्या कपाटात टांगलेला होता. चार वाजले तेव्हा मी तो घातला, आणि पुढच्या दिवशी चारला काढला. मी पिऊन पडलो नव्हतो. त्यांना सांग, सासरे गेले तेव्हा मी रस्त्यापलीकडे परक्या माणसांत उभा राहिलो, मला मातीची मूठ टाकू दिली नाही. माझी लेक पंधरा वर्षांची झाली, तिला मैत्रिणी विचारतात, तुझा बाप आजीच्या घरी का जेवत नाही. काय सांगेल ती? आणि किटली, हेही सांग की चहा कधीच गार नसतो. चहा उकळता आणतो मी. ह्या पाऊण तास खिडकीशी बोलत बसतात आणि मग पितात."

बाहेर खडीवर कुणीतरी चालल्याचा आवाज येत होता. बोनिफेसला वाटलं, संपलं. मेवीसला काय सांगायचं, एवढंच आता उरलं. त्यानं किटली जागेवर ठेवली.

"खिडकी," सासूबाई म्हणाल्या, पण आवाज खाली आला होता, "त्यांना म्हणावं, मला खाली उतरायचंय."

उतरायचंय, ते ठीक. पण उतरवायचं कसं? हात धरायचा नाही, तोंड बघायचं नाही. बोनिफेस खाली गेला, पायरीखाली खडीवर गुडघे टेकले, हात टेकले, आणि मान खाली घालून पाठ सपाट केली. थेम्बीला म्हणाला, त्यांना सांग, पायरी तयार आहे. मग वहाणा काढल्याचा आवाज आला, आणि एक अनवाणी पाय, मोठा, गरम, भेगा पडलेला, त्याच्या पाठीवर आला. खडी तळव्यात रुतली.

तिकडे स्विस बाई किंचाळली आणि दोघातिघांनी फोन काढले. पिल्ले धावत आले. हे काय चाललंय, ऊठ, लोक फोटो काढतायत, कंपनीचं नाव जाईल.

"साहेब, जरा थांबा," बोनिफेस खालूनच म्हणाला. "अजून दुसरा पाय यायचाय."

सासूबाई उतरल्या आणि झाडांकडे निघाल्या. तिथे एक वाळवीचं भलं मोठं वारूळ होतं, त्यावर चढलं की फोनला जेमतेम रेंज मिळे. त्या काठी टेकत वर चढल्या. बोनिफेस एका झाडाआड गेला, पण आवाज सगळ्या जंगलाला ऐकू येत होता. पलीकडे बहुतेक त्यांची धाकटी बहीण होती.

"अगं, अडकलीय म्हणते ना. घसरलीय. गाडी नव्हे, पुढची गाडी... मला काय माहीत कधी येते ते! ... मी कशाला खोटं बोलू? ... किती मडकी झाली? ... बारा? मग गार होतील, मी काय करू? ... ढोलवाल्यांना बसव. ... न्हाणीघर असलं म्हणून काय झालं? न्हाणीघराच्या गाडीला रूळ लागत नाहीत का? ... अगं, मी स्वतः काफुलाकडे हट्ट करून त्याच्याच डब्यात खोली घेतली. म्हटलं, ह्या खेपेला मी स्वतः त्याला धरून आणते, मग कसा चुकतो बघू. ... हसतेस काय? ... हसू नकोस, म्हणते ना!"

पलीकडून फोन आपटला असावा. सासूबाई वारुळावर फोनकडे बघत उभ्या राहिल्या. झाडाआड बोनिफेस खोडाला टेकला. म्हणजे कसामात आज त्याच्यासाठी मडकी चढली होती. चार दिवस तो मेहुण्याला शिव्या घालत होता, बाईला शिव्या घालत होता, आणि बाई त्याला जेवायला घेऊन चालली होती. आणि पुन्हा तेच, चार वाजणार आणि बारा मडकी गार होणार. त्याला रडू आलं आणि त्याच वेळी असा राग आला की त्यानं खोडाला लाथ मारली. बूट अजून ओलसरच होता.

गाडी थांबली की आसपासच्या वस्तीतल्या बायका विकायला येतात, ही त्या मार्गावरची जुनी रीत. एव्हाना त्या आल्याच होत्या. सासूबाई वारुळावरून उतरल्या आणि त्यांच्यात शिरल्या. एक जिवंत कोंबडी, मक्याचं पीठ, भोपळ्याचा पाला, शेंगदाणे, आणि म्पिकाकडच्या सुकवलेल्या अळ्या, ज्यांच्यासाठी तो भाग नावाजलेला आहे. मग थेम्बीला हुकूम सुटला, सर्वांत मोठं पातेलं आण. आचाऱ्यानं नकार दिला. गोगोंनी टाकलेल्या सूपाची गोष्ट सगळ्या पाहुण्यांना सांगेन, असं थेम्बी म्हणाली, तेव्हा त्यानं मुकाट दिलं.

तीन दगडांची चूल मांडली. गोगोंनी कोंबडी सोलली, शेंगदाणे दगडावर ठेचले, पाला त्यात शिजवला, आणि कापड कमरेला खोचून मक्याचं पीठ असं घोटायला लागल्या की बघणाऱ्यांचे दंड दुखावेत. पाहुणे गोळा झाले. पिल्लेंच्या जिवात जीव आला. त्यांनी टाळ्या वाजवून जाहीर केलं की आज दुपारी खास स्थानिक जेवणाचा कार्यक्रम आहे. स्विस गृहस्थांनी ताटली पुढे केली. सासूबाईंनी त्यांच्या बोटांवर पळी मारली.

"गोगो म्हणतात, हे तुमच्यासाठी नाही," थेम्बीनं सांगितलं.

चारला थोडा वेळ होता. सासूबाईंनी भांडी झाकली, झाडाखाली चटई अंथरली आणि भांडी एकेक करून डोक्यावरून नेऊन मांडली. चाळीस बायकांचं काम एकटीनं. तीन खेपा झाल्या, तिसऱ्या खेपेला त्यांना धाप लागली. मग त्या चटईवर बसल्या, आणि त्यांनी थेम्बीला पाठवलं.

बोनिफेस आला तो सवयीनं तोंड फिरवून, उलटा चालत. चटईशी पाठ करून उभा राहिला. मागून झाकण काढल्याचा आवाज आला आणि वाफेचा वास आला.

"इकडे तोंड करा, लोम्बेचे बाबा."

खिडकीला नाही, कुणालाच नाही, त्यालाच. त्याला वळायला वेळ लागला. सासूबाई डोकं उघडं टाकून बसल्या होत्या. फोटोत पाहिलं होतं हे तोंड, पण फोटोत माणूस रागावत नाही. खालचा ओठ पुढे आलेला, हनुवटी ताठ. पेज गार झाली की लोम्बे अशीच बसते. पंधरा वर्षं तो विचारत होता, पोरीनं हे नाक-तोंड कुणाचं उचललं.

सासूबाईंनी गरम गोळा मोडला, पाल्यात बुडवला आणि त्याच्याकडे बघत तोंडात घातला. सावकाश चावून खाल्ला.

"बेल वाजवली की येता," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी अकरा वेळा, मग चौदा. मोजत होते मी. एकदाही चुकला नाहीत." मग दुसरा गोळा मोडून त्यांनी त्याच्यापुढे धरला. "बसा. गार होतंय."

तो बसला. घास हातात घेतला, आणि नेमकी तेव्हा गाडीची शिटी झाली. लांब, दोनदा. क्रेननं वाट मोकळी केली होती. पिल्ले हात हलवत धावत आले, चला, चला, सगळे आत, दहा मिनिटांत निघायचं, बोनिफेस, पाहुण्यांना वर घे. चौदा वर्षांची सवय, बोनिफेसचे गुडघे आपोआप उचलले गेले.

सासूबाईंनी त्याचं मनगट धरून खाली ओढलं.

"बसा म्हटलं ना," त्या म्हणाल्या. "आणि ह्या साहेबांना सांगा, गाडीला थांबू दे. आम्ही नऊ वर्षं थांबलो होतो."

पिल्लेंना बेम्बा भाषा येत नव्हती. त्यांनी थेम्बीकडे पाहिलं, मग बाईंच्या तोंडाकडे पाहिलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे. घड्याळात बरोबर चार वाजले होते. त्यांनी बाही घड्याळावर ओढली आणि ते इंजिनाकडे थांब म्हणून सांगायला गेले. बोनिफेसनं घास तोंडात घातला. तो गरम होता.